ऑपरेशननंतर आतडी चिकटली, तर दोष कोणाचा?

पत्राचा सारांश: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका प्राथमिक शिक्षिकेचं हे पत्र. वय ४१. एकोणिसाव्या वर्षी अपेंडिक्स फुटलं आणि पोट उघडावं लागलं. पुढे मुलीच्या वेळी सिझेरियन झालं. आता गर्भाशयात गाठी आहेत, पाळीत अंगावर फार जातं, रक्त कमी झालंय आणि डॉक्टरांनी पिशवी काढायचा सल्ला दिलाय. घरात थोरल्या जावेचं असंच ऑपरेशन झालं होतं. त्यानंतर काही महिन्यांनी आतडं चिकटलं आणि मध्यरात्री पुन्हा पोट उघडावं लागलं. सासूबाई म्हणतात, पहिल्या ऑपरेशननंतर ती लवकर कामाला लागली, चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, विहिरीचं पाणी ओढलं, म्हणून हे झालं. आता या ताईंना तीन महिने निजून राहायला सांगतायत. कोणी सूज उतरवणाऱ्या गोळ्या सुचवल्या, कोणी पोट चोळून घ्यायला सांगितलं, कोणी पोटाला बांधायचा पट्टा आणून दिला. ताई विचारतात: आतडी चिकटू नयेत म्हणून मी काय खाऊ, काय टाळू, किती दिवस झोपून राहू? की ऑपरेशनलाच नाही म्हणू? आणि करायचंच तर चवथीच्या आधी की नंतर?

प्रिय ताई,

आधी तुमच्या जाऊबाईंबद्दल लिहिते, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी त्यांचीच हकिकत आहे. त्यांचं आतडं विहिरीचं पाणी ओढल्यामुळे चिकटलेलं नाही. लवकर चुलीपाशी उभ्या राहिल्या म्हणूनही नाही. एवढं सोसून उठलेल्या बाईला घरात वर त्याचाच ठपका ऐकावा लागत असेल, तर तो आधी थांबवा. हे पत्र सासूबाईंना वाचून दाखवा. त्या काळजीपोटीच बोलतात हे मला कळतं, पण त्यांच्या सांगण्यात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे आणि ती तुमच्याही मनात बसली आहे: आतडी चिकटणं न चिकटणं हे बाईच्या नंतरच्या वागण्यावर असतं, असं तुम्ही दोघी धरून चालला आहात. ते तसं नाही.

आत काय घडतं ते सांगते. पोटाच्या आतल्या बाजूला आणि आतड्यांवरून एक पातळ, ओलसर, गुळगुळीत अस्तर असतं. त्याच्यामुळे आतडी एकमेकांवरून न अडकता सरकत राहतात. ऑपरेशनमध्ये या अस्तराला चिमटा लागतो, गॉज घासतो, दिव्याखाली ते सुकतं, कुठे थोडं रक्त साचतं. जिथे इजा झाली तिथे काही तासांतच फायब्रिन नावाचा चिकट थर जमतो आणि शेजारशेजारचे दोन भाग एकमेकांना धरतात. इथपर्यंत सगळ्यांचं सारखंच असतं. हा थर विरघळवायची सोय शरीरातच आहे. ती नीट चालली तर पाच ते सात दिवसांत अस्तर पुन्हा भरून येतं आणि मागे काही राहत नाही. पण जिथे रक्तपुरवठा तुटलाय, पू झालाय किंवा सूज रेंगाळली आहे, तिथे विरघळवण्याचं काम मंदावतं. थर तसाच राहतो, त्यात पेशी शिरतात, बारीक रक्तवाहिन्या वाढतात आणि पक्का पट्टा तयार होतो. डॉक्टर ज्याला अ‍ॅढीजन म्हणतात, तो हाच.

म्हणजे कुठे चिकटणार आणि कुठे नाही, हे बहुतांशी पहिल्या आठवड्यातच ठरतं. जाऊबाईंनी चवथीला कळशी उचलली तोवर ते केव्हाच ठरून गेलं होतं. त्रास मात्र सवडीने दिसतो. काहींना काही महिन्यांत, काहींना दहा-वीस वर्षांनी. मधल्या काळात बाईने जे जे काही केलेलं असतं, त्यातलं एखादं काम मग घरचे कारण म्हणून पकडतात. शस्त्रक्रियेच्या वॉर्डात मी बरीच वर्षं काढली आहेत. आतडं अडकलेल्या बाईच्या खाटेपाशी ‘हिने ऐकलं नाही’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याची मला आता मनापासून चीड येते. पुरुषाच्या खाटेपाशी ते फारसं कानावर आलं नाही.

आता दुसरी गोष्ट, जरा धक्का देणारी. ‘आतडी चिकटू नयेत’ असं तुम्ही लिहिता, पण तुमच्या पोटात थोडीफार चिकटलेली जागा बहुधा आत्ताही आहे. फुटलेलं अपेंडिक्स, पोटात पसरलेला पू, पोट उघडून केलेलं ऑपरेशन, वर सिझेरियन. पोट उघडून केलेल्या ऑपरेशननंतर दहांतल्या नऊ जणांच्या पोटात कुठे ना कुठे असे पट्टे होतात. तुम्ही ते बावीस वर्षं घेऊन वर्गात उभ्या राहिलात, बाळंत झालात आणि तुम्हाला पत्ताही लागला नाही. बहुतेकांचं असंच असतं. पट्टे असणं हा आजार नव्हे. एखादा पट्टा आतड्याला आवळतो किंवा आतडं त्याच्याखाली सापडतं, तेव्हा प्रश्न येतो. कुळागरात पाण्याच्या पाइपला पीळ पडला की मागे पाणी तुंबतं आणि पुढची झाडं कोरडी राहतात, तसंच तिथे होतं.

हे कितींच्या बाबतीत होतं? स्कॉटलंडमध्ये १९८६ साली पोटाची ऑपरेशनं झालेल्या जवळजवळ ३० हजार रुग्णांचा पुढच्या दहा वर्षांचा मागोवा घेतला गेला. तो अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. साधारण एक तृतीयांश लोक पुन्हा रुग्णालयात भरती झाले होते, पण त्यात चिकटण्याशी कदाचित संबंध असेल किंवा त्यामुळे अवघड होऊ शकेल अशी सगळीच कारणं धरली होती. थेट चिकटण्यामुळे झालेल्या भरती त्यांतल्या सुमारे ६ टक्केच होत्या. अनेक अभ्यास एकत्र करून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात पट्ट्यांमुळे लहान आतडं अडकण्याचं प्रमाण शंभरात दोन-तीन असं निघालं. मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनांनंतर ते याहून जास्त असतं. तुमच्या घरात एकाच बाईला ते झालं आणि ते मध्यरात्री झालं, म्हणून ते तुम्हाला अटळ वाटतं. साहजिक आहे. पण जावेचं पोट वेगळं, तुमचं वेगळं.

मग रोखायचं कुठे? बहुतेक सगळं ऑपरेशनच्या आधी आणि ऑपरेशनच्या टेबलावर. म्हणून ‘नंतर मी काय खाऊ’ या प्रश्नाच्या जागी ‘आधी मी डॉक्टरांना काय विचारू’ हा प्रश्न ठेवा.

पहिला प्रश्न ऑपरेशनच्या गरजेचाच. पट्ट्यांच्या भीतीने ऑपरेशन नाकारू नका. अंगावर इतकं जातंय की रक्त उतरलंय, हे अंगावर काढण्यासारखं दुखणं नाही. पण पिशवी काढणं हाच एक इलाज आहे का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. गाठी कुठे आहेत, केवढ्या आहेत, त्यावर उत्तर अवलंबून असतं. गर्भाशयाच्या पोकळीचा आकार फारसा बिघडला नसेल तर हार्मोन सोडणारी कॉपर-टीसारखी वस्तू बसवून रक्तस्राव पुष्कळ आटोक्यात येतो. पाळीत रक्त कमी करणाऱ्या गोळ्या आहेत. काही गाठी योनिमार्गाने दुर्बीण घालून काढता येतात, त्यात पोटाला हातच लागत नाही. काही ठिकाणी गाठीचा रक्तपुरवठा बंद करणारा उपचार होतो. शिवाय पाळी गेली की अशा गाठी सहसा आकसतात, आणि तुम्ही चाळिशी ओलांडली आहे. हे सगळं मांडूनही डॉक्टर पिशवी काढायलाच सांगत असतील, तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना कागद दाखवा. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. गरज नसताना पिशव्या काढल्या जातात म्हणून केंद्र सरकारने मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि त्या लागू करा असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये राज्यांना बजावलं. दोन डॉक्टरांचं एकच मत पडलं, तर निश्चिंत मनाने जा.

दुसरा प्रश्न वाटेचा. पिशवी तीन वाटांनी काढता येते: योनिमार्गाने, दुर्बिणीने किंवा पोट उघडून. योनिमार्गाने झालं तर पोटावर छेद नाही आणि आतड्यांना धक्का कमी. दुर्बिणीने छेद लहान असतात, आतडी उघड्यावर येत नाहीत, सुकत नाहीत, म्हणून पट्टेही एकंदरीत कमी होतात. पण गाठ फार मोठी असेल किंवा आत आधीच सगळं गुंतलेलं असेल, तर पोट उघडणंच सुरक्षित ठरतं. दुर्बिणीने सुरू करून मध्येच पोट उघडावं लागलं तर त्याला फसलेलं ऑपरेशन समजू नका. तो बहुतेक वेळा सर्जनचा शहाणपणा असतो. ‘माझ्यासाठी यातली कोणती वाट, आणि का?’ एवढं विचारा. ज्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येतो, त्यांच्याकडे मी माझ्या बहिणीला पाठवणार नाही.

तिसरी गोष्ट तुमच्या हातातली आणि फार मोलाची: जुने कागद. अपेंडिक्सच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, सिझेरियनचा केसपेपर, जे मिळेल ते शोधा. पेटीत, देवघराच्या कपाटात, माहेरी. मिळाले नाहीत तर जिथे ऑपरेशन झालं तिथे अर्ज करून बघा. अपेंडिक्स फुटलं होतं आणि पू होता हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. नुसतं ‘अपेंडिक्सचं झालंय’ म्हणू नका, दोन्हींत फार फरक आहे. सर्जन त्यावरून बरंच ठरवतात. दुर्बिणीसाठी पहिला छेद सहसा बेंबीपाशी घेतात, पण तिथे आतडं चिकटलेलं असण्याची शंका असेल तर डाव्या बाजूला बरगडीखालून शिरतात. सिझेरियननंतर मूत्राशय गर्भाशयाला चिकटलेलं असू शकतं, तेही आधी माहीत असलं की हात जपून चालतो. ऑपरेशनच्या दिवशी टेबलावर हे कळणं आणि आठवडाभर आधी कळणं, यात खूप अंतर आहे.

टेबलावर सर्जन काय काळजी घेतात, तेही माहीत असू द्या. आतडी हलक्या हाताने हाताळणं, कोरड्या गॉजऐवजी ओला गॉज वापरणं, रक्त नीट थांबवून साचलेलं धुऊन काढणं, अस्तर सुकू न देणं. पूर्वी हातमोज्यांना पिठासारखी पावडर असे. तिचे कण पोटात राहिले की सूज आणि पट्टे होतात. अमेरिकेत असे मोजे २०१७ पासून बंदच केले गेले. यातलं तुम्ही सर्जनला शिकवायला जाऊ नका, चांगला सर्जन हे न सांगता करतो. एक मात्र जरूर विचारा: ‘माझ्या बाबतीत अ‍ॅढीजन रोखणारा पडदा वापरण्यासारखा आहे का?’

हे पडदे काय असतात? सेल्युलोजची जाळी किंवा हायालुरोनेट मिसळलेली पातळ फिल्म इजा झालेल्या जागेवर अंथरतात. जखमेचे दिवस ती दोन भागांना वेगळं ठेवते आणि मग शरीरात विरघळून जाते. आयकोडेक्स्ट्रिनचं ४ टक्के द्रावण पोटात सोडण्याचीही पद्धत आहे. यामुळे पट्टे कमी होतात हे तपासलेलं आहे, पूर्ण थांबतात असं मात्र नाही. प्रत्येकाचे नियम आहेत. काही जाळ्या रक्त पूर्ण थांबलं असेल तरच कामाच्या, आणि आतड्याच्या ताज्या शिवणीभोवती फिल्म गुंडाळली तर शिवण गळण्याचा धोका वाढतो. म्हणून सर्जन नको म्हणाले तर त्यामागे कारण असेल, ते विचारून घ्या. खर्चाचंही आधीच बोला. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर तुमच्या प्रकारचं ऑपरेशन कुठल्या रुग्णालयात त्यात बसतं, आणि पडद्याचा खर्च त्यात धरतात की वेगळा पडतो, हे भरती होण्याआधी काउंटरवर विचारा. गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, जाणार असाल तर तिथेही हेच प्रश्न विचारायचे. सरकारी रुग्णालय आहे म्हणून गप्प बसायचं कारण नाही.

आता ऑपरेशननंतरचं. तीन महिने निजून राहायचं नाही, ताई. अजिबात नाही. त्याने पट्टे रोखले जात नाहीत आणि पायात रक्ताच्या गुठळ्या, छातीत कफ, बद्धकोष्ठ हे सगळं ओढवतं. डॉक्टर परवानगी देतील तेव्हा, बहुधा दुसऱ्याच दिवशी, कोणाचा तरी हात धरून खाटेभोवती चाला. चालल्याने पट्टे कमी होतात असं मी सांगणार नाही, तसा पक्का पुरावा नाही. पण आतडी लवकर जागी होतात, वारा सरतो, फुप्फुसं मोकळी राहतात. च्युइंगम चघळल्यानेही आतड्यांची हालचाल लवकर सुरू व्हायला मदत होते. डॉक्टरांना विचारून चघळा, सासूबाईंना नवल वाटलं तरी. जड उचलायचं नाही हे खरं, साधारण सहा आठवडे तरी. पण त्याचं कारण टाके आणि आतली शिवण. पाण्याची कळशी, भाताचं मोठं तपेलं, गॅस सिलिंडर या काळात दुसऱ्याने उचलायचं. हलकं काम करायला काही हरकत नाही.

खाण्याचं म्हणाल तर आतडी चिकटवणारा किंवा न चिकटवणारा पदार्थ नसतो. उकड्या तांदळाची पेज, आटवल, मऊ भात, साधं वरण, मग हळूहळू माशाची पातळ कढी, असं नेहमीच्या जेवणावर या. हळद, डिंक, मेथी हे घरच्या पद्धतीने बेताने खाल्लंत तर बिघडत नाही, पण त्यांच्यावर पट्ट्यांचं काम सोपवू नका. रक्त वाढवायच्या लोहाच्या गोळ्यांनी शौचाला घट्ट होतं, तेव्हा पाणी भरपूर प्या. वेगळी काळजी लागते ती जाऊबाईंसारख्यांना, ज्यांचं आतडं एकदा अडकून गेलंय. फणसाच्या गऱ्यांवरची चिवट पाती, अननसाचा मधला कडक दांडा, संत्र्याची सालपटं असा चोथा न चावता गिळला तर अरुंद झालेल्या जागी बोळा बसू शकतो. मे महिन्यात गरे खा, पण थोडे आणि बारीक चावून.

पोटाला बाहेरून पट्टा बांधल्याने खोकताना, उठताना आधार मिळतो. बरं वाटत असेल तर बांधा. आतल्या पट्ट्यांशी त्याचा संबंध नाही. सूज उतरवणाऱ्या गोळ्या म्हणजे बहुधा सेराटिओपेप्टिडेज. आपल्याकडे दात काढल्यापासून टाके घातल्यापर्यंत सगळ्याला या गोळ्या लिहिल्या जातात. त्याने पोटातले पट्टे रोखले जातात असं सिद्ध झालेलं नाही, आणि जपानमध्ये तर हे औषध आणणाऱ्या कंपनीनेच २०११ मध्ये ते बाजारातून काढून घेतलं, कारण पुन्हा घेतलेल्या चाचणीत उपयोग दिसला नाही. ते पैसे वाचवा. पोट चोळण्याबद्दल: जखम पूर्ण भरल्यावर वरच्या वणावर खोबरेल लावून बोटांनी हलकं चोळलंत तर कातडी मऊ पडते, तेवढंच. आतले पट्टे बाहेरून चोळून सुटतात असं सांगणाऱ्याला पैसे देऊ नका. पोट फुगलेलं असताना, कळ येत असताना तर कोणालाही हात लावू देऊ नका.

इथे जरा थांबून सांगते, कारण जीव जातो तो याच जागी. पोट फुगलंय, वारा सरत नाही, शौचाला होत नाही, तेव्हा घरात पहिला विचार येतो एरंडेलाचा. आतडं अडकलेलं असताना रेचक देणं म्हणजे बंद वाटेवर मागून जोर लावणं. काही देऊ नका, खायलाही नको. लक्षणं ओळखा: बेंबीभोवती पिळवटून कळ येते, थोडी थांबते, पुन्हा येते. पोट फुगून ताणतं. उलट्या होतात आणि पुढे त्या हिरव्या-पिवळ्या पडतात. वारा सरणं बंद होतं. यात कळ थांबेनाशी झाली, ताप आला, नाडी जलद झाली किंवा पोटाला हात लावू देववत नसेल, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असण्याची भीती असते आणि तिथे तास मोजून चालावं लागतं. जाऊबाईंचं ऑपरेशन रात्रीच करावं लागलं ते बहुधा म्हणूनच.

रात्री सुरू झालं तर उजाडायची वाट पाहू नका. सत्तरीच्या आतल्या गावातून बांबोळीपर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून १०८ ला आधी फोन करा. आणि दाराशी पहिल्या भेटणाऱ्या डॉक्टरांना, वाळपईच्या आरोग्य केंद्रात असो वा गोमेकॉत, हे वाक्य सांगा: ‘माझ्या पोटाची आधी ऑपरेशनं झालीत, आणि सकाळपासून वारा सरलेला नाही.’ ‘गॅस झालाय, उलटी थांबत नाही’ असं सांगितलंत तर इंजेक्शन घेऊन घरी परतण्याची वेळ येऊ शकते. वरचं वाक्य ऐकल्यावर कोणताही डॉक्टर तुमचं पोट नीट तपासेल, एक्स-रे काढेल. भरती झालात म्हणजे लगेच ऑपरेशन असंही समजू नका. तोंडाने काही न देता, सलाईन लावून, नाकातून नळी घालून पोट रिकामं ठेवतात, सीटी स्कॅन काढतात, कधी एक औषध पाजून ते पुढे सरकतं का बघतात. धोक्याचं लक्षण नसेल तर दोन-तीन दिवस असं थांबता येतं, आणि बहुतेकांची वाट ऑपरेशनशिवाय मोकळी होते.

चवथीचं आता. रक्त किती उतरलंय त्यावर हे ठरवा, पंचांगावर नको. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर तसंही आधी ते वाढवावं लागतं, लोहाच्या गोळ्यांनी किंवा शिरेतून लोह देऊन, आणि त्यात काही आठवडे जातात. तेवढ्यात डॉक्टर रक्तस्राव औषधांनी रोखून धरू शकत असतील तर चवथ उरकून मग भरती व्हा, मला त्यात गैर वाटत नाही. चवथीच्या आधी झालं तर मात्र त्या वर्षी माटोळीची बांधाबांध, पन्नास माणसांचं जेवण, नेवऱ्या तळत तासन्‌तास उभं राहणं हे तुमच्याकडे नाही. हे घरात आत्ताच, तारीख घेण्याआधी, नवऱ्याच्या तोंडून सांगितलं जाऊ दे. जाऊबाईंच्या वेळी हे कोणी सांगितलं नव्हतं, असा तुमच्या पत्राचा सूर मला वाटला. त्यांचं आतडं त्यामुळे चिकटलं नाही, पण ताज्या टाक्यांवर त्यांना पाणी ओढायला लागलं असेल, तर त्याबद्दल घराने त्यांच्याशी बोलायला हवं.

अशाच काळजीत असलेल्या इतर वाचकांसाठी थोडं. अंडाशयावरची किंवा गर्भाशयातली गाठ काढायची आहे आणि पुढे मूल हवंय, अशा मुलींनी हे ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. गर्भनलिकांपाशी पट्टे झाले तर दिवस राहायला अडचण येते, म्हणून पडदा वापरण्याचा विचार तिथे जास्तच करण्यासारखा असतो. ज्यांचं पोट ऑपरेशननंतर वर्षानुवर्षं अधूनमधून दुखतं, त्यांना वाटतं की सोनोग्राफीत पट्टे दिसतील. सहसा दिसत नाहीत, आणि दिसले नाहीत म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. पण नुसत्या दुखण्यासाठी पट्टे सोडवायचं ऑपरेशन करण्याआधी दहादा विचार करा. नेदरलँड्समध्ये अशा १०० रुग्णांवर चाचणी झाली आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झाली: निम्म्यांचे पट्टे दुर्बिणीने सोडवले, निम्म्यांच्या पोटात नुसती दुर्बीण घालून बघितलं. वर्षभराने दोन्हीकडे दुखणं सारखंच कमी झालं होतं. सोडवलेले पट्टे पुन्हा धरतातही. त्याआधी आतड्याची, मूत्रमार्गाची, पाठीची, वणाजवळच्या नसेची तपासणी करून घ्या.

घरच्या माणसांच्या हाती खरोखर असलेली एक गोष्ट आहे, आणि ती तुम्ही शाळेतही सांगू शकाल. अपेंडिक्स फुटण्याआधी काढलं तर पोटात पू पसरत नाही आणि पुढचे पट्टे पुष्कळ टळतात. मुलाचं बेंबीपाशी दुखायला लागलं, काही तासांत दुखणं उजवीकडे खाली सरकलं, भूक गेली, उलटी झाली, कुबड काढून चालायला लागलं, तर ओवा, शेक, एरंडेल यात दिवस घालवू नका. त्याच दिवशी सर्जनला दाखवा.